तीन घराण्यांचे स्पीकर आणि ६० सेंटीमीटरची जागा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खोली ५.५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, २.८ मीटर उंच. स्पीकर आखूड भिंतीकडे, आणि त्या भिंतीपासून ते फार तर ६० सेंटीमीटर पुढे येऊ शकतात. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. घरात ८० वॅटचा (८ ओमला) इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आहे आणि तो सोडवत नाही. उमेदवार तीन: एक भलामोठा थ्री-वे टॉवर (खालचे, मधले आणि वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरांतून, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्यांतून), एक हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक (पातळ पडद्याचं पॅनेल, खालच्या सुरांना साधा वूफर), आणि एक कार्डिऑइड पद्धतीचा, म्हणजे मागे कमी वाजणारा, ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेला) स्पीकर. तिन्ही तीन वेगळ्या ठिकाणी ऐकलेत, तिन्ही आवडलेत, आणि आता ‘यातला सर्वांत चांगला कोणता’ असं विचारताय.

तीन ठिकाणी ऐकलेत म्हणजे तुम्ही मुख्यतः तीन खोल्या ऐकल्यात. हे चेष्टेने म्हणत नाही. साधारण २०० हर्ट्झच्या खाली तुमच्या कानाशी काय पोचतं ते स्पीकरपेक्षा खोली जास्त ठरवते. त्यामुळे ‘टॉवरचा बेस भरीव होता, पॅनेलचा जरा कोरडा वाटला’ या तुमच्या नोंदीतून त्या स्पीकरांबद्दल फारसं कळत नाही.

शिवाय हे तीन मॉडेल नाहीत, तीन घराणी आहेत. आवाज खोलीत कसा सोडायचा याबद्दलच तिघांचे विचार वेगळे आहेत. म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून घेतो: नंतर काय दुरुस्त करता येतं आणि काय कधीच करता येत नाही? २० वर्षांहून जास्त काळ लोकांच्या घरी स्पीकर बसवून आणि मोजून माझं एवढं मत पक्कं झालंय की, जे नंतर कधीच दुरुस्त करता येत नाही त्यावर पैसे खर्च करावेत.

आधी तुमची खोली. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकून ज्या फ्रीक्वेन्सीला घुमतो ती काढायला ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागायचं. तुमच्या लांबीसाठी ३१ हर्ट्झ, मग तिची दुप्पट ६२. रुंदीसाठी ४३. उंचीसाठी ६१. यातले ६१ आणि ६२ बघा. लांबीचा दुसरा आणि उंचीचा पहिला घुमारा जवळजवळ एकावर एक बसलेत. कुठलाही स्पीकर आणा, ६० च्या आसपासचा सूर तुमच्याकडे फुगणार. त्यात सोफा भिंतीला टेकलेला, आणि भिंतीपाशी लांबीच्या प्रत्येक घुमाऱ्याचा दाब सर्वांत जास्त असतो. म्हणजे तुम्ही नेमके ढोलाच्या पानाला कान लावून बसलाय. ४३ चा त्रास मात्र कमी होईल, कारण दोन्ही स्पीकर मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर असले आणि तुम्ही मध्यावर बसलात तर तो घुमारा फारसा जागाच होत नाही.

आता ते ६० सेंटीमीटर. वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरचा, आवाज मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. जिथे परतीचा जादा प्रवास अर्ध्या तरंगलांबीइतका भरतो तिथे दोघे एकमेकांना खातात. वूफर भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर हा खड्डा १४३ हर्ट्झला पडतो, १ मीटरवर असेल तर ८६ ला. १४३ म्हणजे पुरुषी आवाजाचा ऐन गाभा. तिथे खड्डा पडला की गायक पातळ वाटतो, आणि लोक केबल बदलत बसतात. घुमाऱ्याचा उंचवटा इक्वलायझरने कापता येतो. हा खड्डा भरता येत नाही, कारण तिथे जितकी ताकद ओताल तितकीच भिंतीवरून उलटी परत येते.

हे डोक्यात ठेवून तुमच्या तिन्ही उमेदवारांकडे वळू.

टॉवरबद्दल आधी एक जुना नियम. लहान खोका, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वीजेत जास्त मोठा आवाज), या तिन्हीपैकी कुठल्याही दोनच मिळतात. हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या बंद खोक्याच्या स्पीकरमधून लहान आकारात खोल बेस काढून दाखवला, पण त्याला ॲम्प्लिफायरची ताकद जास्त लागायची. उलट टोकाला १९४६ चा क्लिप्शहॉर्न हा कर्ण्याचा स्पीकर. तो थोड्याशा वॅटमध्ये घर हलवतो, पण आकाराने कपाट आहे आणि त्याला खोलीचा कोपराच लागतो. कोपऱ्याच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग. तुमचा टॉवर यांच्या मधे कुठेतरी आहे. माहितीपत्रकात ८७ डेसिबल लिहिलंय, पण बारीक अक्षरांत बघा, ते २.८३ व्होल्टला आहे आणि स्पीकर ४ ओमचा आहे. २.८३ व्होल्ट ८ ओममध्ये १ वॅट होतात, ४ ओममध्ये २. म्हणजे वॅटच्या हिशेबात हा ८४ डेसिबलचाच स्पीकर आहे.

तुमचा ॲम्प्लिफायर त्याला पुरेल का? ८० वॅटएवढा व्होल्टेज म्हणजे १९ डेसिबलची भर, १ मीटरवर १०६. तुमच्या सोफ्यापर्यंत, साडेचार मीटरवर येईतो तेरा कमी, दोन स्पीकरांचे मिळून तीन जास्त, खोलीचा थोडा हातभार; म्हणजे ९८ च्या आसपास. सरासरी ७८-८० डेसिबलवर ऐकणाऱ्याला क्षणिक उसळ्यांसाठी वीसेक डेसिबल वर मोकळे लागतात. काठावर पुरेल, पण ॲम्प्लिफायर ४ ओमला जवळपास दुप्पट वॅट देत असेल तरच. काही टॉवरचा इम्पिडन्स (ओममध्ये मोजला जाणारा विजेला अडथळा) बेसमध्ये ३ ओमपर्यंत उतरतो आणि नेमका तिथेच करंट मागतो. हा आलेख माहितीपत्रकात सहसा नसतो; स्वतंत्र मापनांत असतो. आणि ८० चे १६० वॅट केल्याने सगळं बदलेल असंही समजू नका. फरक तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलच्या प्रेमात मीही पडलो होतो. क्वाडचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ चा, आणि त्याचा मधल्या पट्टीतला स्वच्छपणा आजही ऐकणाऱ्याला गप्प करतो. अतिपातळ पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना जाळ्या, ना खोका ना खोक्याचा आवाज. पण पडदा जेवढा पुढे वाजतो तेवढाच मागे वाजतो, फक्त उलट फेजमध्ये, म्हणजे पुढे हवा ढकलली जाते तेव्हा मागे ओढली जाते. मागची भिंत १ मीटरवर असेल तर तो आवाज साधारण सहा मिलिसेकंद उशिरा परत येतो आणि कान त्याला खोलीची हवा म्हणून स्वीकारतो. ६० सेंटीमीटरवर साडेतीन मिलिसेकंद. मग तो हवा न राहता गढूळपणा होतो. मागे शोषक पॅनेल लावता येतं, पण मग डायपोल, म्हणजे दोन्हीकडे वाजणारा स्पीकर, घेतला कशाला? बाजूला मात्र हा प्रकार फार कमी वाजतो, त्यामुळे शेजारच्या भिंतींचा त्रास कमी. याच गुणाची दुसरी बाजू अशी की, ऐकायची जागा अरुंद. डोकं एक वीत हललं की वरचे सूर बदलतात. एकट्याने ऐकणार असाल तर चालेल, सोफ्यावर तिघं बसणार असतील तर दोघं तुमच्या चेहऱ्याकडे बघून दाद देतील. शिवाय असं पॅनेल विजेच्या दृष्टीने कपॅसिटर असतं, वरच्या फ्रीक्वेन्सीला त्याचा इम्पिडन्स घसरत जातो, काहींचा २० किलोहर्ट्झला १ ओमच्या आसपास. सगळेच ॲम्प्लिफायर हे खपवून घेत नाहीत.

तिसरा, ॲक्टिव्ह कार्डिऑइड, म्हणजे कानामागून येऊन तिखट झालेला प्रकार. प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प्लिफायर, क्रॉसओव्हर (सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटणारा भाग) डिजिटल, आणि बाजूच्या फटींतून किंवा जादा ड्रायव्हरांतून मागे जाणारा आवाज मुद्दाम मारून टाकलेला. डच अँड डच कंपनीचा ८सी फटींच्या मार्गाने जातो, की कंपनीचा थ्री सहा ड्रायव्हर आणि सहा ॲम्प्लिफायरांच्या. मागे जाणारा आवाजच कमी असेल तर भिंतीवरून परत काय येणार? तुमचा १४३ चा खड्डा इथे बराचसा भरून निघतो. ८सी तर १०० हर्ट्झच्या खाली मागचे वूफर वापरून भिंतीचाच टेकू घेतो, म्हणून त्याला भिंतीजवळच ठेवायचं असतं. तुमच्या अटीत हा बसतो. बाकीचे दोघे अट मोडायला सांगतात.

यावर तुमची हरकत मला दिसतेय: ‘पण आवाजाचा दर्जा?’ त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जाहिराती इथेच सर्वांत जास्त गोंधळ घालतात.

समोरून मोजल्यावर आलेख सपाट येणं ही महागड्या स्पीकरची किमान पात्रता आहे. फरक पडतो तो बाजूला. १६५ मिलिमीटरचा वूफर २ किलोहर्ट्झच्या सुमाराला टॉर्चसारखा अरुंद होत जातो. तिथेच २५ मिलिमीटरचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा ड्रायव्हर) सुरू होतो आणि तो सगळीकडे पसरतो. समोर आलेख सरळ, बाजूला मात्र आधी खळगा आणि मग ३-४ किलोहर्ट्झला फुगवटा. घरात अडीच-तीन मीटरवर तुम्हाला थेट आवाजाबरोबर भिंतींवरून आलेला आवाजही भरपूर मिळतो. दोघांचा रंग वेगळा असेल तर कान थकतो. ‘पहिल्या दहा मिनिटांत छान वाटला, तासाभराने बंद करावासा वाटला’ ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकलीय, आणि बरेचदा ती इथेच येऊन थांबते. यावर उपाय म्हणजे ट्वीटरला वेव्हगाइड (आवाजाचा पसारा आवरणारी उथळ वाटी), मधे मधल्या सुरांचा लहान ड्रायव्हर, किंवा केईएफ कंपनीच्या १९८८ च्या युनि-क्यूसारखा वूफरच्या पोटातच ट्वीटर.

हा दोष इक्वलायझरने जात नाही. इक्वलायझर थेट आणि परावर्तित दोन्ही आवाज एकाच वेळी वरखाली करतो; समोरचं सुधारायला जावं तर बाजूचं बिघडतं. बेसचे उंचवटे नंतर कापता येतात, सबवूफर नंतर जोडता येतो, ॲम्प्लिफायर बदलता येतो. स्पीकर बाजूला कसा वाजतो ते मात्र कारखान्यातून निघतानाच ठरून येतं. म्हणून निवडताना मी आधी तेच बघतो.

बघायचं कसं? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी, आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत, यावर अनेक वर्षं काम केलं. त्यातून आलेलं मापन म्हणजे आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर एक, असे ७० आलेख. त्यांचं सार एका चित्रात काढतात, त्याला स्पिनोरामा म्हणतात. अमेरिकेत २०१३ मध्ये त्याचं सीईए-२०३४ हे मानक झालं. चित्रात तीन गोष्टी शोधा. वरची समोरची रेघ सपाट आहे का. खालच्या, बाजूच्या आवाजाच्या रेघा हळूहळू आणि गुळगुळीत उतरतात का. आणि एखादा उंचवटा सगळ्या रेघांत एकाच जागी दिसतो का. दिसत असेल तर तो ड्रायव्हरचा किंवा खोक्याचा खरा रेझोनन्स, म्हणजे स्वतःचा घुमारा, आहे; फक्त समोरच्या रेघेतच असेल तर बहुधा खोक्याच्या कडेवरून फुटलेल्या लाटेचा खेळ, त्याला मी फार घाबरत नाही. आणखी एक, जे पहिल्यांदा उलटं वाटतं: उंच टोकदार सुळक्यापेक्षा बुटका पण रुंद उंचवटा कानाला जास्त खुपतो, कारण संगीत त्याला सतत डिवचत राहतं.

डायमंडचा ट्वीटर, बेरिलियमचा ट्वीटर वगैरे मी या यादीत बरंच खाली ठेवतो. घुमट ताठ असला की त्याचा कंप फुटण्याची फ्रीक्वेन्सी वर सरकते हे खरं, पण चांगल्या ॲल्युमिनियमच्या घुमटातही ती २० किलोहर्ट्झच्या वरच असते. महाग स्पीकरात खरा फायदा मोठ्या आवाजात दिसतो: विकृती कमी, व्हॉइस कॉइल (ड्रायव्हरमधली तारेची गुंडाळी) तापून आवाज दबणं कमी, खोका मुका. उरलेला बराच भाग फर्निचर असतो. चांगलं फर्निचर असायला माझी हरकत नाही, फक्त ते आपण फर्निचर म्हणून घेतोय हे माहीत असावं. केबलबद्दल विचारलंत, पुरेशी जाड, घट्ट बसलेली, पुढे चला.

आता ऐकून तुलना करण्याबद्दल. माझीच फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिचितांसाठी दोन टॉवरांची तुलना केली. तासभर मी एका जोडीची स्तुती करत होतो, खोली आहे, श्वास आहे, गायक समोर उभा आहे. परिचितांनी भोळेपणाने विचारलं, ‘हा जरा मोठा वाजतोय का?’ मीटर लावला तर दीड डेसिबल मोठा. सेन्सिटिव्हिटी जास्त होती, आणि आवाजाची कळ मी तशीच ठेवली होती. पातळी जुळवून, पुढे पडदा लावून परत ऐकलं तेव्हा मी बहुतेक वेळा दुसरीच जोडी निवडली. एक डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. दुकानात तर हे हमखास होतं, कुणाच्या मनात काही नसतानाही.

आणि पडदा. टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मनच्याच कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला: तेच स्पीकर एकदा दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण आणि लहान स्वस्त संचाला कमी. पडद्याआड ते अंतर आक्रसलं. ही स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचीच माणसं होती. तुम्ही-मी कोण?

तेव्हा घरी करून बघायचं तर असं करा. तिन्ही स्पीकर एकाच वेळी मिळाले तर उत्तम, निदान दोन तरी. प्रत्येकाचा एकच नग वाजवा, मोनोमध्ये. स्टिरिओत मंचाची, म्हणजे गायक-वादक समोर पसरल्यासारखे वाटण्याची, जादू दोष झाकते. एका स्पीकरवर माणूस जास्त चिकित्सक होतो, हे त्याच संशोधनात वारंवार दिसलंय. (नंतर स्टिरिओत ऐकायचंच, पण नंतर.) पिंक नॉइजने (चाचणीसाठीचा सलग खरखराट) ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. सगळे एकाच जागी ठेवून ऐका, निदान खालचे सूर जोखताना तरी. फूटभर सरकलं तरी बेस बदलतो. पडद्यासाठी विरळ विणीचं स्पीकरचंच कापड घ्या, पलंगावरची चादर वरचे सूर खाते. वीस सेकंदांचे तुकडे वापरा, कारण आवाजाचा रंग आपल्याला काही सेकंदांपलीकडे नीट आठवत नाही. गाणी अशी निवडा ज्यात बोलका मानवी आवाज आहे आणि ज्यात वाद्यांची दाटी आहे. एकटी गिटार आणि कुजबुजणारी गायिका कुठल्याही स्पीकरवर छान वाजते, म्हणून तर ती प्रत्येक डेमोत असते. दाटी झाली की स्पीकर उघडे पडतात. तंबोरा असलेलं चांगलं ध्वनिमुद्रण असेल तर तेही ठेवा. जवारीतले वरचे सूर सलग झिरपतात की मधूनच एखादा सूर टोचतो, ते पटकन कळतं.

‘शंभर तास वाजवले की उघडतील’ असं सांगितलं जातं. वूफरची लवचीक किनार सुरुवातीला थोडी सैल होते, पण हे काम तासांत उरकतं, आठवड्यांत नाही. पुढचे आठवडे स्पीकर नाही, तुमचे कान बदलत असतात. परत करण्याची मुदत त्यात घालवू नका.

माझा कौल विचाराल तर तुमच्या जागेच्या अटी जशाच्या तशा धरून ॲक्टिव्ह कार्डिऑइड, आणि बेसला इक्वलायझर. पण त्याची किंमत दोन गोष्टींनी चुकवावी लागेल. तुमचा आवडता ॲम्प्लिफायर घरी बसेल. आणि आत इलेक्ट्रॉनिक्स आहे. पॅसिव्ह (आत ॲम्प्लिफायर नसलेला) स्पीकर तीस-चाळीस वर्षं चालतो, फार तर फोमची किनार पंधरा-वीस वर्षांनी बदलावी लागते. ॲक्टिव्हमधला बोर्ड पंधरा वर्षांनी मिळेल का, हे घेण्यापूर्वी लेखी विचारा. जुने इलेक्ट्रोस्टॅटिक आजही पॅनेल बदलून वाजवले जातात. डिजिटल क्रॉसओव्हरच्या बाबतीत तशी परंपरा अजून तयार व्हायचीय.

टॉवर १ मीटर किंवा जास्त पुढे आणायची मुभा मिळाली तर तो परत शर्यतीत येतो, स्पिनोरामा स्वच्छ असेल तर. त्याला ८० हर्ट्झच्या खाली दोन लहान सबवूफर जोडले, एक पुढे, एक मागे, तर लांबीचा पहिला, ३१ चा घुमारा बराच शांत होतो आणि तुमच्या ॲम्प्लिफायरवरचं ओझंही उतरतं. मात्र त्यासाठी ॲम्प्लिफायरवर प्री-आउट आणि पॉवर-इन (मधूनच सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायच्या जोडण्या) वेगळे असायला हवेत, ते आधी पाहा. पॅनेल मी फक्त सव्वा मीटर मोकळं मिळालं आणि ऐकणारा एकटा असला तरच घेईन.

काहीही मागवण्यापूर्वी एक काम करा. मोजणीचा एक साधा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्राम घ्या. सध्याचे स्पीकर ६० सेंटीमीटरवर ठेवून २० ते २०० हर्ट्झचा आलेख काढा, एकदा सोफा आहे तिथे, एकदा माइक सोफ्यामागच्या भिंतीपासून २.१ मीटरवर आणून, कारण लांबीच्या ३८ टक्क्यांपासून शोध सुरू करणं बरं पडतं. दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवा आणि घरातल्यांना दाखवा. सोफा हलत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तो प्रश्न घरात अजून नीट विचारलेला नाही.